उपासाची खिचडी आणि कोलंबस

आठवीच्या ‘युरोप आणि भारत’ या धड्याच्या सनावळ्या आमच्या मुलांना तोंडपाठ असतात. 1453 म्हटलं की कॉन्स्टँटिनोपल, 1498 म्हटलं की वास्को-द-गामा. ‘मग काय झालं?’ असं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. म्हणून यंदा तोंडी परीक्षेऐवजी शनिवारी सकाळच्या शाळेत खजिनाशोध घ्यायचा ठरवला. पाच गट आणि वर्गभर लपवलेल्या चिठ्ठ्या. एकीचं उत्तर सापडलं की त्याच्यापाशीच पुढची.

पहिली चिठ्ठी: ‘पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला ज्याच्यासाठी आले, ते नाकाने शोधा.’ अर्ध्या वर्गाला सोनं वाटलं. सोन्याला वास कुठला, हे कुणाच्या डोक्यात येईना. शेवटी एकाने खिडकीतल्या पुरचुंडीला नाक लावलं आणि सलग चार शिंका दिल्या. मिरे! बाकीचे गट उत्तर न शोधताच त्या शिंकेमागे धावले. ही कॉपीच, पण मी कानाडोळा केला.

बोस्टनच्या बंदरात 1773 मध्ये समुद्रात फेकलेला चहा खडूच्या डब्यात लगेच सापडला. घोटाळा झाला तो बॅस्टिलपाशी. 14 जुलै 1789 ला पॅरिसमधला हा तुरुंग लोकांनी फोडला. त्याची एक किल्ली लाफाएतने वॉशिंग्टनला भेट पाठवली, ती आजही त्याच्या माउंट व्हर्ननच्या घरात आहे. म्हणून पुढची चिठ्ठी मी कपाटाच्या किल्लीला बांधली होती. पाचही गट खिळ्यापाशी पोचले, तर खिळा रिकामा. शिपाईमामा प्रयोगशाळा उघडायला तो जुडगा चिठ्ठीसकट घेऊन गेले होते.

वेळ निभावण्यासाठी शेवटचा प्रश्न तोंडीच घातला: ‘कोलंबस 1492 मध्ये निघाला नसता, तर आज या वर्गात कोणती वस्तू नसती?’ फळ्यामागे मी एक बटाटा ठेवला होता. पण फळ्याकडे कुणी फिरकलंच नाही, सगळ्यांनी आपापले डबे उघडले. बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, टोमॅटोची कोशिंबीर, मिरचीचा ठेचा. सगळं मूळचं अमेरिकेतलं. एका मुलीचा शनिवारचा उपास होता, तिच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी. तिच्या गटाने ती बाकावर पालथी घालून एकेक जिन्नस वेगळा केला. शेंगदाणे तिकडचे, मिरची तिकडची, बटाटा तिकडचा. “साबुदाणा कशाचा असतो, बाई?” कसावाच्या कंदाचा, म्हणजे तोही दक्षिण अमेरिकेतला. बोलून गेले आणि मीच थबकले. इतकी वर्षं हा धडा शिकवतेय, इतकी वर्षं उपास करतेय, पण या दोन गोष्टी कधी एकत्र आठवल्या नव्हत्या. हजारो वर्षं इथे पिकणारा गहू उपासाला चालत नाही आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेली मिरची चालते!

मुलगी रडवेली झाली. “मग माझा उपास मोडला का?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मारुतीला कुठे माहितीय कोलंबस?”

खजिन्याची लिमलेटची पिशवी मी त्या गटाला दिली. बटाटा कुणालाच सापडला नाही म्हणून बाकीचे गट भांडले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. घटक चाचणीत मात्र ‘सन लिहा’ हा प्रश्न मी काढून टाकला. त्याजागी खिचडीचे जिन्नस आले.

किल्लीची चिठ्ठी मामांनी सोमवारी आणून दिली. तिच्या पाठीवर स्टाफरूमच्या चहाचा हिशेब होता.