संपर्क तुटला तर?

बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर वेळ कसा घालवावा, हा प्रश्न माझ्यापुढे फार दिवस राहिला नाही. आठवीतील नातवाला विमानाच्या प्रतिकृती उडविण्याचा छंद लागला आणि त्याच्याबरोबर मीही शिकाऊ झालो. फोमचे विमान फारसे महाग नव्हते. विचार करावा लागणार होता तो रेडिओ-संचाचा, म्हणजे हातातील ट्रान्समीटर आणि विमानात बसणारा रिसीव्हर यांचा.

“आजोबा, जास्त चॅनेलचा घ्या,” असे नातवाचे म्हणणे. मी मात्र तीन ठिकाणचे भाव काढले आणि सर्वांत स्वस्त संच घेतला. आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासलेल्या माणसाला कोटेशन वाचता येते, असा माझा समज होता.

तिसऱ्या रविवारी तो समज उतरला. गावाबाहेरच्या माळावर विमान उंच असताना ट्रान्समीटरमधील सेल सैल झाले आणि तो बंद पडला. मोटर थांबायला हवी होती. ती त्याच वेगाने फिरत राहिली. विमान माळ ओलांडून रस्त्याकडे गेले आणि सायकलवरून येणाऱ्या एका मुलाच्या पुढ्यात कोसळले. दचकून तो पडला. गुडघा खरचटण्यावर निभावले, हे आमचे नशीब. त्याला घरी पोहोचवून मी त्याच्या आईची हात जोडून क्षमा मागितली. “तुमच्या नातवाच्या अंगावर आलं असतं तर?” एवढेच ती माउली म्हणाली. परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही गप्प होतो.

एनसीसीच्या हवाई विभागात पूर्वी एरोमॉडेलिंग शिकविणारे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनी सारे ऐकून एकच विचारले, “साहेब, फेलसेफ लावलं होतं का?” संपर्क तुटताच रिसीव्हरने काय करावे, हे आधीच ठरवून ठेवण्याची सोय म्हणजे फेलसेफ. काही रिसीव्हर अशा वेळी शेवटची आज्ञाच धरून बसतात. आमचा त्यातलाच होता.

मी मनोमन खजील झालो. ‘हप्ते थकले तर काय?’ हे विचारल्याशिवाय मी एकाही कर्जाची शिफारस केली नव्हती. नातवाच्या हाती यंत्र देताना मात्र मी फक्त किंमत विचारली.

दुसरा संच त्यांच्या सल्ल्याने घेतला. विमानाला चार चॅनेल पुरतात: मोटरचा वेग, पंखांचा कल, आणि शेपटीच्या दोन हालचाली, एक वर-खाली, दुसरी डावी-उजवी. पुढचा विचार करून आम्ही सहा चॅनेलचा घेतला. मोटरचा वेग डाव्या दांडीवर असला तर त्या रचनेला मोड २ म्हणतात, उजव्या दांडीवर असला तर मोड १. शिकविणाऱ्याचा जो मोड, तोच आपला ठेवावा. हाताला लागलेली सवय पुढे मोडता मोडत नाही. शिवाय दोन ट्रान्समीटर जोडण्याची सोय पाहावी, म्हणजे शिकाऊ चुकताच गुरुजींना विमान आपल्या ताब्यात घेता येते. आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तरी एका कंपनीचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरशी जुळेलच असे नाही. आपल्या व्यापारी घरांत हे सांगायला नको: माल घेतानाच पुढे सुटे भाग मिळतील का, हे पाहावे लागते.

या संचाला पहिल्याच्या दुप्पट पैसे पडले. पहिल्याची रक्कम मी हिशेबवहीत बुडीत खाती टाकली. तिच्यापुढे कारणही लिहून ठेवले.

आता दर रविवारी उड्डाणापूर्वी नातू मोटरवरचा पंखा काढतो, मोटर हळू फिरवतो आणि ट्रान्समीटर मुद्दाम बंद करतो. मोटर थांबली, तरच पंखा परत बसतो. एकदा घाईत मीच म्हणालो, “अरे, मागच्या आठवड्यात तर पाहिलं होतं.” त्याने मान हलवली. “आजोबा, तो मुलगा आजही याच रस्त्याने येतो.”

मी मुकाट्याने पंखा काढून त्याच्या हाती दिला.