ऐनवेळचे विषय नाहीत

आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून हाउसिंग सोसायटीपर्यंत कुठल्याही सभेच्या विषयपत्रिकेची शेवटची ओळ ठरलेली असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. कित्येकदा खरी सभा त्या एका ओळीतच उरकते. इथे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये, सांता क्लारा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या सभेला, ती ओळ ठेवण्याची सोयच नाही. नियमित सभेच्या ७२ तास आधी विषयपत्रिका जाहीर करावी लागते आणि तिच्यात नसलेल्या विषयावर निर्णय तर सोडाच, बोर्डाला चर्चाही करता येत नाही. आणीबाणीसारख्या काही सवलती आहेत, पण त्यांतून कुणाला सहज निसटता येत नाही.

याचे परिणाम पाहायला गंमत वाटते. एखादे आजोबा माइकपाशी येऊन आपल्या रस्त्याची, शेजाऱ्याची, काउंटीच्या एखाद्या खात्याची तक्रार तळमळून सांगतात. समोरचे पाचही सुपरवायझर गंभीर चेहऱ्याने ऐकतात, फार तर एखाद्या अधिकाऱ्याला ‘यांच्याशी बोलून घ्या’ म्हणतात, की लगेच पुढचं नाव पुकारलं जातं. नवख्याला हा निव्वळ निगरगट्टपणा वाटतो. पण विषय पत्रिकेवर नव्हता; सुपरवायझर त्यावर बोलायला लागले असते, तर त्याच विषयावर वेगळं मत असलेला आणि घरी बसलेला माणूस फसला असता.

हे सगळं ज्या कायद्याने होतं त्याचं नाव ब्राउन अ‍ॅक्ट. १९५२ साली ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या माइक हॅरिस या वार्ताहराने लेखमाला लिहिली. कॅलिफोर्नियातल्या स्थानिक संस्था आधी गुपचूप बसून सगळं ठरवतात आणि उघड सभेत नुसते हात वर करतात, हे त्याने दाखवून दिलं. मोडेस्टोचे आमदार राल्फ ब्राउन यांनी विधेयक आणलं आणि १९५३ मध्ये कायदा झाला. तेव्हापासून त्याला दुरुस्त्यांची ठिगळं लागतच आहेत.

सगळ्यात करमणूक करणारा भाग आहे तो गप्पांचा. सुपरवायझर पाच, म्हणजे बहुमत तिघांचं. तिघांनी मिळून काउंटीच्या कारभाराविषयी सभेबाहेर बोलायचं नाही. एकाने दुसऱ्याला फोन केला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तरी तो भंगच. मधे स्वीय सहायक घातला तरी सुटका नाही. तिघे एकाच लग्नाला गेले तर हरकत नाही, मात्र पंगतीत हवापाण्यावरच बोलायचं. २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने समाजमाध्यमंही यात ओढली: काउंटीच्या कामाबद्दल एका सदस्याने काही लिहिलं, तर त्याखाली दुसऱ्या सदस्याने साधा अंगठासुद्धा टाकायचा नाही.

एवढा बंदोबस्त कशासाठी, हे बोर्डाच्या हातात काय आहे ते पाहिलं की कळतं. जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास. वरून नेमलेला कलेक्टर नाही. काउंटी एक्झिक्युटिव्ह हा बोर्डाने नेमलेला नोकर. शेरीफ आणि सरकारी वकील मात्र लोक मतदान करून निवडतात. वर्षाचं अंदाजपत्रक ११ अब्ज डॉलरच्या पुढचं आणि त्यात मोठा वाटा रुग्णालयांचा, आरोग्यसेवेचा. या खर्चाचे कित्येक करार ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाच्या गठ्ठ्यात एका ठरावाने, एका दमात मंजूर होतात. इथे मला हा कायदा थिटा वाटतो. सगळं कागदावर जाहीर असतं हे खरं, पण शेकडो पानांच्या जोडपत्रांत काय दडलंय ते तीन दिवसांत वाचणार कोण?

तरीही माइकचा उपयोग होतो. पूर्व सॅन होजेतल्या दाट वस्तीला खेटून रीड-हिलव्ह्यू नावाचा काउंटीचा छोटा विमानतळ आहे. तिथली पिस्टन इंजिनाची विमानं शिसंयुक्त पेट्रोलवर उडत. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं कधीच गेलं, विमानांच्या गेलं नाही. काउंटीनेच करवलेला अभ्यास ऑगस्ट २०२१ मध्ये आला: विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त. सभेत रहिवासी बोलले, तसे वैमानिकही; त्यांचं म्हणणंही अगदीच फेटाळण्यासारखं नव्हतं. प्रत्येक इंजिनाला शिसंविरहित इंधन चालत नाही आणि चुकीचं इंधन भरलं गेलं तर विमान कोसळू शकतं. बोर्डाने त्याच महिन्यात निर्णय घेतला आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथली शिसंयुक्त इंधनाची विक्री थांबली. त्यावर केंद्राच्या विमान वाहतूक खात्याने काउंटीला जाब विचारला, ते प्रकरण वेगळं.

या वस्तीत स्पॅनिश आणि व्हिएतनामी बोलणारे पुष्कळ. सभेत बोलायला वेळ कधी दोन मिनिटं, गर्दी असली तर एकच. पण दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला साधारणपणे दुप्पट वेळ द्यावा लागतो, हेही कायद्यातच लिहिलंय. सभेला येण्यासाठी नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ज्यांच्या घरात एखाद्याचे कागदपत्र अर्धवट आहेत, त्यांना या तरतुदीची किंमत विचारावी.

आणि आपली मंडळी? एप्रिल २०२१ मध्ये काउंटीच्या मानवी हक्क आयोगाने जातिभेदावर जाहीर सुनावणी ठेवली. करोनामुळे ती ऑनलाइन झाली आणि भारतीय वंशाचे लोक शेकड्यांनी बोलायला आले, बाजूने आणि विरोधात. तास उलटत गेले तरी रांग सरेना. आंबेडकरांचा देश सोडून आल्यावर हा प्रश्न मागे राहिला असेल अशी ज्यांची समजूत होती, त्यांची ती त्या दिवशी दूर झाली असावी. पण तो आयोग सल्लागार. सल्ला ऐकायचा की नाही हे बोर्डाने ठरवायचं. बोर्डाची सभा असते मंगळवारी सकाळी साडेनऊला, जेव्हा आम्ही सगळे ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो. तिथे कामगार संघटनेचे जांभळे टी-शर्ट दिसतात, निवृत्त लोक दिसतात. आमच्यातले बाकीचे संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, हे ठरलं कधी? ७२ तास आधी लावलं होतं.