चाळीस रकाने

आमचे मामा वडूजला राहत असत. शाळामास्तरकीतून निवृत्त झालेले आणि काचबिंदूने दृष्टी अधू झालेली. १९९५च्या मे महिन्यात सेमिनरीच्या सुटीत आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांच्या मुलाने एक जुना संगणक घरी आणला होता. मामांची इच्छा एकच. आयुष्यभर शिकविलेल्या मुलांच्या नावांची वही त्यात उतरावी आणि ती त्यांना स्वतः वाचता यावी.

पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसविले की पडद्यावर देवनागरी उमटे. पण ते आमच्या ऐपतीबाहेरचे. नावे रोमन लिपीतच लिहिली. “आमच्या पोरांना हा परका वेश कशाला रे?” मामा म्हणाले.

टर्बो सी आम्ही थोडेफार शिकलो होतो. नेहमीच्या अक्षर-पडद्यावर ८० रकाने व २५ ओळी. दर अक्षरामागे दोन बाइट, एक अक्षराचा, दुसरा त्याच्या रंगाचा. सारा पडदा ४,००० बाइटांत मावे. (१९८० च्या दशकात क्लास प्रकल्पातून शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रोत मात्र ८० रकान्यांचा मोड ० निवडला, तर ३२ किलोबाइटांपैकी २० पडद्यालाच जात!) ‘टेक्स्टमोड’ या आज्ञेला ‘सी-४०’ सांगितले की रकाने निम्मे होतात आणि अक्षर रुंदीला दुप्पट. उंची तीच राहते, म्हणून ते जरा बसके दिसते.

पहिल्या दिवशी आम्ही यादी उमटवून मग आज्ञा दिली. पडदा कोरा! मोड बदलताना तो पुसला जातो, हे ध्यानीच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अक्षरे मोठी दिसली, पण ओळी मावेनात. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, साल. पुसेगावचे ‘पुसे’ वर राहिले आणि ‘गाव’ खाली घसरले. मामा त्यालाच पुढचा विद्यार्थी समजून अडखळले. आम्ही खजील झालो.

“नुसते नाव ठेव,” ते म्हणाले. “गाव मला ठाऊक आहे.”

तसे केले. पडद्याला नाक लावून ते एकेक नाव वाचत आणि गाव आपण होऊन सांगत. एका नावापाशी थांबले. बराच वेळ गेला.

“वही काढ,” ते हळूच म्हणाले. आम्ही गाव वाचून दाखविले.

शेवटी पूर्वीचा मोड परत आणायचे आम्ही विसरलो. कार्यक्रम संपला तरी डॉसची खूण रुंदच राहिली. मामा तीही वाचत बसले होते.