येईन, येणारे, येतेय!

"यस यस, आय अ‍ॅम गोइंग टू टेल द नेटवर्क टीम!"

सांगा, या वाक्यात काय चुकलं? कर्ता आहे, क्रियापद आहे, अ‍ॅक्सेंटही त्या दिवशी बऱ्यापैकी जमला होता. तरी या एका वाक्यापायी आमची अख्खी टीम पुढचा आठवडाभर खुलाशाचे मेल लिहीत बसली.

झालं असं. २०१७ची गोष्ट. मी तेव्हा हिंजवडीत सपोर्टला होते आणि क्लायंट ब्रिटनचा. संध्याकाळच्या कॉलवर तिकडच्या मॅनेजरबाईंनी सांगितलं, की त्यांच्या एका ऑफिसातली सिस्टिम सकाळपासून बंद आहे. मी हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. पोटात गोळा! पण नुसतं गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून चटकन ते वरचं वाक्य फेकलं. मला म्हणायचं होतं, 'थांबा, लगेच सांगते त्यांना.' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग एकदम थंड आवाज, "सो यू न्यू?"

म्हणजे, तुम्हाला माहीत होतं तर!

कॉल संपल्यावर आमचा टीम लीड मला खाली टपरीवर घेऊन गेला. तो तीन वर्षं लंडनला राहून आलेला. ओरडला नाही, हे त्याचे उपकार. कटिंग हातात देत म्हणाला, "अगं, 'विल' म्हणजे आत्ता, या क्षणी डोक्यात आलं. 'गोइंग टू' म्हणजे आधीच ठरवलं होतं. तू तिला काय सांगितलंस? की बंद पडलंय हे आम्हाला ठाऊक होतं, नेटवर्कवाल्यांना कळवायचंही ठरलं होतं, फक्त तुम्हाला सांगितलं नाही."

मी हादरलेच. दोन शब्दांत एवढं?

आता माझी इंग्रजीची कुंडली सांगते. मराठी माध्यम. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आणि मी तेव्हा तिसरीत. म्हणजे आमची बॅच थोडक्यात हुकली. आम्हाला एबीसीडी पाचवीत. भविष्यकाळ म्हणजे 'शाल' आणि 'विल', विषय संपला. 'आय' आणि 'वुई'ला शाल, बाकी सगळ्यांना विल. चुकलं की अर्धा मार्क कट. पुढे कळलं, की हा नियम जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ साली आपल्या व्याकरणात मांडला होता. आणि आज 'आय शाल गो' म्हणणारा माणूस इंग्लंडातही शोधावा लागतो! गेलेल्या त्या सगळ्या अर्ध्या मार्कांची भरपाई कोण देणार?

त्याहून मोठा धक्का म्हणजे, इंग्रजी व्याकरणाचे बरेच जाणकार म्हणतात, या भाषेला खरा भविष्यकाळच नाही. म्हणजे आपण 'जा'चं 'जाईन' करतो, तसं 'गो' हे क्रियापद भविष्यासाठी बदलतच नाही. मग उसनवारी चालते. 'विल'चा जुना अर्थ 'इच्छा असणं', 'शाल'चा 'देणं लागणं'. क्लायंटसोबतच्या करारात पानोपानी 'व्हेंडर शाल' का असतं, ते मला त्या दिवशी उलगडलं. आम्ही खरंच देणं लागत होतो!

त्यानंतर मला नादच लागला. रेमंड मर्फीचं ते प्रसिद्ध व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि कॅबमध्ये वाचायला लागले. आकाशात काळे ढग दिसतायत, तर 'इट इज गोइंग टू रेन', कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे. नुसताच अंदाज असेल, तर 'आय थिंक इट विल रेन'. समोरच्याशी बोलून, वेळ ठरवून झालेली गोष्ट असेल, तर थेट वर्तमानकाळ, 'आय अ‍ॅम मीटिंग हिम अ‍ॅट फाइव्ह'. आणि गाडी, विमान, सिनेमा यांना तेवढंही लागत नाही. 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स.' वेळापत्रक छापलेलं आहे, कोणाच्या इच्छेचा प्रश्नच नाही. या पायऱ्या काही दगडात कोरलेल्या नाहीत, इंग्रज स्वतःही त्यांची सरमिसळ करतात. पण गोष्ट जितकी पक्की, तितका भविष्यकाळ वर्तमानाकडे सरकतो, हे माझ्या डोक्यात बसलं.

सगळ्यात खतरनाक प्रकार मात्र वेगळाच. 'विल यू बी कमिंग इन ऑन सॅटरडे?' हा म्हणे सर्वांत सभ्य प्रश्न. समोरच्यावर दबाव नको, त्याचं काय ठरलंय एवढंच विचारायचं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला बॉस हे विचारतो, तेव्हा त्यात दबाव नसतो असं व्याकरणाच्या पुस्तकांनी खुशाल म्हणावं!

कोणी म्हणेल, काय फरक पडतो? कीथ चेन या अर्थतज्ज्ञाने तर २०१३ साली शोधनिबंध लिहिला होता, की ज्यांच्या भाषेत भविष्यकाळ वेगळा दाखवावा लागत नाही, ती माणसं जास्त बचत करतात. पुढे २०१५ मध्ये, त्याच्याच सहभागाने झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, भाषांची आपापसातली नाती हिशेबात धरल्यावर हा संबंध बराच ढिला पडला. तेव्हा माझ्या एसआयपीचं जे झालंय, त्याचं खापर व्याकरणावर फोडता येणार नाही.

गंमत म्हणजे हे सगळं मी इंग्रजीत शोधत होते आणि आपल्याकडे ते आधीपासून भरलेलं होतं. घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. आईने हाक मारली, की मोबाइलवरून मान न उचलता 'आलेच!' म्हणतो. चक्क भूतकाळ! आणि अजून अर्धा तास तरी उठणार नसतो. 'येणारे' म्हणजे ठरलंय. 'येतेय' म्हणजे बॅग भरलीय. आणि 'येईन'?

'येईन'चा अर्थ मला बाबांनी शिकवला. गेल्या वर्षी.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, मिरजेला, सोमवारी सकाळी. फोनवर सगळी माहिती सांगून झाली. मग जरा थांबून, अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "येशील ना?"

त्याच आठवड्यात आमचं रिलीज होतं. मी म्हटलं, "येईन की बाबा."

"बरं," ते म्हणाले. "मग शेजारच्या काकांना सांगून ठेवतो. दवाखान्यात कोणीतरी सोबत लागतं म्हणे."

रागावले नव्हते, टोमणाही नव्हता. त्यांनी माझ्या वाक्याचं सरळ भाषांतर केलं होतं. गणपतीला मी 'येईन' म्हटलं होतं. त्यांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमालाही 'येईन' म्हटलं होतं. दोन्ही वेळा खोटं बोलले नव्हते हो, इच्छा होती. 'विल'चा जुना अर्थ, शंभर टक्के.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. एरवी माझे रजेचे मेल म्हणजे 'आय वॉज वंडरिंग इफ'पासून सुरू होऊन 'ओन्ली इफ पॉसिबल'वर संपणारे. यावेळी एकच ओळ लिहिली. 'आय अ‍ॅम टेकिंग मंडे अँड ट्यूजडे ऑफ, माय फादर इज हॅविंग सर्जरी.' पाठवताना हात थरथरला, खरं सांगते. दहा मिनिटांनी उत्तर आलं, 'नोटेड.' एवढंच. म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच वंडर करत होते की काय?

मग तिकीट काढलं आणि परत घरी फोन लावला.

"बाबा, रविवारी येतेय. तिकीट काढलंय."

"कोयनेचं?"

"हो."

"मी येतो स्टेशनावर."

"अहो, तुम्हाला संध्याकाळी नीट दिसत नाही, तुम्ही कशाला..."

मागून आईचा आवाज आला, "अहो, त्या काकांना नको म्हणून सांगा मग."