ओळख

पुण्याचा माझा एक मित्र. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमची ओळख झालेली. पवनारचा आश्रम पाहायला म्हणून तो सेलूला आला. आम्हां सेलूकरांना पवनारचे अप्रूप ते काय! वर्ध्याला जाता-येता एसटीच्या खिडकीतून धाम नदीकाठच्या त्या टेकडीला हात जोडले की आमची यात्रा संपते.

श्रावण होता. ऑटो गावाबाहेर पडला आणि आमचे वावर आले. पऱ्हाटीत पाचसहा बाया वाकून निंदत होत्या. त्यांत माझी आई होती. मित्राने सहज विचारले, "या कोण?"

"असतील कुणी मजूर," मी म्हणालो.

आश्रमात मात्र माझ्या वाणीला बहर आला. १९३८ साली विनोबा प्रकृती सुधारण्यासाठी येथे आले. १९५० मध्ये त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला, पैशावाचून जगायचे, बैलावाचून शेती करायची. १९५९ मध्ये स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. स्वयंपाक, सफाई, शेती सारे भगिनींनीच करायचे, निर्णयही सर्वानुमते घ्यायचे. मी सांगत होतो, मित्र भारावून ऐकत होता.

एक वयस्क भगिनी वाफ्यात निंदत बसल्या होत्या. आम्ही नकळत चपला काढल्या, हात जोडले. मित्र हळूच म्हणाला, "अमेरिकेत पेनसिल्व्हानियात आमिश पंथाचे शेतकरी अजून घोड्यांनी नांगरतात. तेही बघायला लोक लांबून येतात."

भगिनी हसून म्हणाल्या, "बघून झालं असेल तर एवढ्या वाफ्यातलं तण काढा."

दहाच मिनिटांत माझी कंबर धरली. खुरपे हातात होते, आणि डोळ्यांसमोर सकाळचे वावर. तेच तण, तेच वाकणे. येथे मी हात जोडले होते. तेथे साधी ओळखही दिली नव्हती.

परतताना मी वावरापाशी ऑटो थांबवला. "ही माझी आई," मी मित्राला म्हणालो. "सकाळी खोटं बोललो."

आईला त्यातले काही कळले नाही. आश्रमात निंदून आलो, एवढेच तिने ऐकले. "तिथं बी निंदतात? मंग पाहाले कायले गेलते बाप्पा? वावरातच यायचं होतं!"

साऱ्या बाया हसल्या. मित्रही हसला. मला मात्र हसता आले नाही. मी चपला बांधावर काढल्या आणि आईच्या शेजारची पात धरली.