पिंजऱ्याचे दार

वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. शब्दांशी झटापट करणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. पण गेल्या वर्षी एका साध्या, रोजच्या शब्दाने मला जेवढे जेरीस आणले, तेवढे आजवर कुठल्याही जुन्या पोथीने आणले नव्हते. तो शब्द म्हणजे ‘पिंजरा’.

झाले असे, की जून महिन्यात, पहिल्याच पावसात, आमच्या धाकट्याने सोसायटीच्या जिन्याखालून कुत्रीचे एक पिल्लू उचलून घरी आणले. ‘फक्त एक रात्र’ असे सर्वानुमते ठरले. असली एक रात्र किती लांबते, हे ज्यांनी कुत्रे पाळले आहे त्यांना सांगायला नको. आठ दिवसांत पिल्लाचे नाव चिंगी पडले आणि माझी एक चप्पल, सौ.ची लोकरीची दोन गुंडे व विद्यार्थ्यांच्या तीन वह्या तिच्या नावे खर्ची पडल्या.

गणपतीला आम्ही दरवर्षी चिपळूणजवळच्या आमच्या गावी जातो. वडील गेल्यापासून आई आमच्याकडे पुण्यात असते. घर अकरा महिने बंद असते. आगगाडीने कुत्रे न्यायचे तर गार्डाच्या डब्यातल्या ‘डॉग बॉक्स’मध्ये द्यावे लागते, नाहीतर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर घ्यावा लागतो. पहिली गोष्ट धाकट्याला मान्य नव्हती, दुसरी माझ्या पगाराला. तेव्हा आमच्या जुन्या मोटारीतून, चिंगीला धाकट्याच्या मांडीवर बसवून निघालो.

पाटण गेले, कोयनानगर गेले, कुंभार्ली घाट लागला. एका वळणावर समोरच्या ट्रकने कर्कश भोंगा वाजवला आणि चिंगी बिचकून उडाली, ती थेट माझ्या पायांत. मी ब्रेक दाबला. पायाखाली काहीतरी मऊ लागले आणि ती किंचाळली. मी पाय उचलला. पुढच्या दोन क्षणांत मी हातब्रेक कसा ओढला, ते मला आजही सांगता येत नाही. गाडी थांबली तेव्हा कठडा वीतभर लांब होता. चिंगीच्या पंज्याला नुसते खरचटले होते. गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मागच्या बाकावर आईचे ओठ तेवढे हलत होते.

परत आल्यावर सौ.ने जाहीर केले, “अहो, हिला नीट बंदोबस्ताने बसवायची सोय झाल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही.” जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “सर, क्रेट घ्या. घरात तिची खोली होईल, प्रवासात तिची सीट होईल.” इंग्रजीत तो क्रेट होता. घरी येऊन आईला सांगताना त्याचा पिंजरा झाला.

“पिंजरा?” आई म्हणाली. “मुक्या जिवाला कोंडणार? बरं, आण बाबा. म्हणजे दुपारच्याला आम्ही दोघी आत.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते लागले. इथे मला एक कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आई भाजीच्या गाडीपाशी म्हणून खाली उतरली आणि एकाच रंगाच्या सात इमारतींत तिला आमची सापडेना. दीड तास ती भर उन्हात फिरत होती. त्या दिवसापासून आम्ही दोघे कामावर जाताना बाहेरचे जाळीचे दार कुलूप लावून जात होतो. तिच्याच भल्यासाठी! असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. तिला मात्र कधी विचारले नव्हते.

त्या बोलण्याला उत्तर नव्हते, म्हणून माझ्यासारखा मास्तर जे करतो तेच मी केले. शब्दाच्या आड लपलो. पिंजरा म्हणजे संस्कृतातला ‘पंजर’. त्यातूनच अस्थिपंजर. आपण छातीचा पिंजरा म्हणतो, तो काही काळजाला शिक्षा म्हणून नसतो. त्याला धक्का लागू नये म्हणून असतो. पांजरपोळातही तोच पांजर आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळींनी मोठा दंगा केला. आणि १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आदी मंडळींनी जी पांजरपोळ उभारली, तिच्यात अशाच अनाथ जनावरांना आसरा मिळाला. हे सगळे मी जेवताना सांगितले. आईने ऐकून घेतले आणि विचारले, “त्या पांजरपोळाची किल्ली कोणाकडे असायची रे?”

पुढे मी व्युत्पत्ती सोडून खरेदीकडे वळलो.

पहिला आणला तो कापडी. हलका, घडीचा, स्वस्त, दिसायलाही देखणा. चिंगीने एका दुपारीत त्याची जाळी कुरतडून त्याला दुसरे दार काढले. तेव्हा कळले, की कापडी घर हे शहाण्या, वयस्क कुत्र्याचे. दात येणाऱ्या पिल्लाचे नव्हे. दुसरा पर्याय प्लॅस्टिकचा. भक्कम, आतून काळोखी, भित्र्या जनावराला बरा. पण त्याची घडी होत नाही आणि आमच्या दोन खोल्यांत तो तिसरे बिऱ्हाड झाला असता. मग एका वेल्डरकडे लोखंडी करायला टाकला. त्याने मनापासून केला, इतका की वाघ राहिला असता. तो तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसे लागली असती, म्हणून तो आजही त्याच्याच दुकानात आहे. शेजारचे नाना मला जिन्यात गाठून म्हणाले, “सर, मास्तर माणसानं पिंजऱ्याच्या नादी लागू नये. शांतारामबापूंनी १९७२ सालीच सांगून ठेवलंय!”

शेवटी डॉक्टरांनी मापाचे गणित समजावले. विमानाने जनावरे नेण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातले हे गणित घरालाही उपयोगी पडते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यायची, तिच्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा; ती झाली पिंजऱ्याची लांबी. उंची एवढी हवी, की उभे राहिल्यावर डोके आणि कान छताला लागू नयेत. कुत्र्याला उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, पाय ताणून निजता आले पाहिजे. पण फार मोठाही नको, नाहीतर पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्याची मोरी करते.

परंतु चिंगी वाढती. दर तीन महिन्यांनी नवा पिंजरा कोणाला परवडणार? डॉक्टर म्हणाले, पूर्ण वाढीच्या मापाचा घ्या आणि मध्ये आडवी जाळी टाकून तूर्त निम्मा वापरा. वाढ किती होणार ते कसे कळावे? त्यालाही उपाय होता. चिंगीची आई जिन्याखालीच राहत होती. एका रविवारी मी ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि शिंप्याची टेप घेऊन तिच्यापुढे उकिडवा बसलो. लांबी अठ्ठावीस इंच, कोपर दहा इंच, कानांसकट उंची चोवीस. म्हणजे तेहतीस इंच लांबी हवी. बाजारात तीसच्या पुढे छत्तीसच मिळतो. आमचा वॉचमन हे सगळे पाहत होता. पुढे महिनाभर तो मला जरा वाकून नमस्कार करी.

छत्तीस इंची, तारेचा, घडीचा, मधल्या जाळीसकट असा पिंजरा अखेर पुणे सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून अठराशे रुपयांत मिळाला. घेताना मी कधी नव्हे ते व्यवहारी झालो. गंज आहे का पाहिले, तारांची टोके हाताला लागतात का पाहिले, पंजा किंवा जबडा अडकेल एवढे अंतर कुठे नाही ना, तेही पाहिले. कडी दहा वेळा लावून उघडली. तळाचे ताट तेवढे फुटके होते, ते पत्र्याच्या कारागिराकडून नवे करून घेतले. गाडीत मात्र तो पट्ट्यांनी घट्ट आवळून बांधावा लागतो. नाहीतर करकचून ब्रेक लागला, की कुत्र्यासकट पिंजराच अंगावर यायचा.

डॉक्टरांनी चार गोष्टी बजावल्या. पहिले काही दिवस दार लावायचेच नाही. जेवण आत द्यायचे. आत असताना गळ्यातला पट्टा काढून ठेवायचा, तो तारेत अडकतो. आणि शिक्षा म्हणून कधीही आत घालायचे नाही. “तास-दोन तास ठीक आहे, सर,” ते म्हणाले. “दिवसभर कोंडलंत तर तिथं घर राहत नाही, तुरुंग होतो. दार उघडतं, ही खात्री तिला आधी झाली पाहिजे. मग ते लावलेलं तिला चालतं.”

हे काम दुपारचे, म्हणजे आईच्याच वाट्याला आले. तिने काही न बोलता आपल्या जुन्या नऊवारीचा तुकडा आत अंथरला आणि जपमाळ घेऊन शेजारी बसली. पहिल्या दिवशी चिंगीने नुसते डोके आत घातले. चौथ्या दिवशी ती जेवून तिथेच पेंगली. पंधराव्या दिवशी आईने कडी लावली, माळ पुरी केली, कडी काढली. चिंगीने डोळादेखील उघडला नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले, तेव्हा तर ती आपणहून आत जाऊन बसली आणि आईने वरून चादर टाकली.

त्या रात्री मी आईला म्हटले, “बघ, तुझ्या चिंगीला पिंजरा आवडला.”

“तो तिला पिंजरा वाटतच नाही रे,” आई म्हणाली. “तिला ठाऊक आहे, हाक मारली की मी उघडते.”

मी त्यावर काही बोललो नाही. पण मला झोप आली नाही. चिंगीसाठी मी माप घेतले होते, डॉक्टरांना विचारले होते, किती तास चालेल याची चौकशी केली होती. आईसाठी एक कुलूप आणले होते, बस्स.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी मी जाळीच्या दाराची दुसरी किल्ली करून आणली आणि आईच्या हातात दिली. इमारतीचे नाव, आमचा मजला आणि माझा फोन नंबर लिहिलेले एक कार्डही तिच्या पिशवीत घातले. वॉचमनला लक्ष ठेवायला सांगितले. सौ. घाबरली होती. खरे म्हणजे मीही. आईने किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि मुकाट्याने कनवटीला लावली. गावच्या घराची किल्ली ती अशीच लावायची.

आता दुपारी चारला ती चिंगीला घेऊन खाली उतरते. फाटकाजवळच्या बाकावर दोघी तासभर बसतात. तिथे तिला दोन मैत्रिणीही मिळाल्या आहेत. कॉलेजातून येताना मला त्या लांबूनच दिसतात, आणि ज्या दिवशी दिसत नाहीत त्या दिवशी पोटात गोळा उठतो, हेही लपवत नाही. मी धावत जिना चढतो. बहुतेक वेळा दोघी घरात असतात. एक पलंगावर, एक पिंजऱ्यात. आणि दोन्ही दारे उघडी.