पिलांवरची मरळ

शिरवळच्या खाली नीरा वाहत नाही, पसरते. १९६५ साली वीरचं धरण पुरं झालं आणि पुणे-सातारा जिल्ह्यांची शीव सांगणारी ही नदी इथं जलाशय होऊन बसली. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, गाळपेरीला जमीन मोकळी होते. मग भाटघर, नीरा देवघरकडून पावसाचं पाणी उतरलं की तीच जमीन गवतासकट बुडते. हात-दोन हात पाणी, त्यात गवत, आणि लाटेपासून आडोसा. मरळीला विणीसाठी असंच ठिकाण लागतं.

गळाच्या माशांत मला मरळीइतकी दुसरी कुठली आवडत नाही. चपटं, सापासारखं डोकं, आणि त्या डोक्यात हवा साठवायची जागा. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. जाळ्यात खालीच अडकली तर ती पाण्यात गुदमरून मरते. जाणता गळकरी म्हणून पाण्याकडे बघत बसतो. वलय उठलं की त्याच्या जरा पुढं बेडूक टाकायचा. तंगूस ताणली जाते तेव्हा खांद्यापर्यंत झिणझिणी जाते.

पण पावसाळ्याच्या तोंडावर त्या उथळात शेंदूर सांडल्यासारखा एक डाग हलताना दिसतो. ती तिची पिलावळ. खाली नर-मादी दोघं राखणीला असतात. या पिलांत गळ सोडला तर मरळ हमखास लागते. भुकेनं नव्हे, पिलांपायी चवताळून. हे ठाऊक असलेले लोक मुद्दाम तिथंच गळ टाकतात. मला ते सोसत नाही. आईबाप काठावर तडफडत असतात, आणि तिकडे चिलापीपासून बगळ्यापर्यंत सगळ्यांना पिलं मोकळी होतात.

उत्तर अमेरिकेत स्मॉलमाउथ बास नावाचा असाच झुंजार मासा आहे. त्याचा नर एकटाच शेपटीनं खडी साफ करून घरटं करतो आणि अंडी-पिलं राखतो. त्याला उचललं की आसपासचे छोटे मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. म्हणून कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात अनेक भागांत वसंतातल्या विणीच्या दिवसांत त्याच्यावर गळ टाकायला बंदी असते. आपल्याकडे मरळीसाठी एवढं जरी पाळलं गेलं, तरी वीरच्या पाण्यात थोराड मरळी दिसत राहतील. यासाठी सरकारी कागदाची वाट बघायचं कारण नाही. शेंदरी डाग दिसला की काठी उचलून पुढच्या वळणावर जावं, इतकंच.

पिलं वाढली की त्यांचा शेंदरी रंग काळवंडतो, कळप फुटतो, आईबाप सुटे होतात. पाऊस ओसरून पाणी निवळलं की मग खुशाल बेडूक लावावा. तेव्हा लागलेली मरळ भुकेली असते आणि अंगात पुरी ताकद असते. तंगूस जाड घ्यावी.